काळी तार, पांढरी तार

बंडगरअण्णा लागोपाठ दोन दिवस एकाच रस्त्याने कामावर आलेले मी कधी पाहिले नाहीत. विश्रामबागेत त्यांची खोली होती. तिथून आमच्या ऑफिसला यायला दोन रस्ते. एक कॉलेजच्या कुंपणाकडेने, दुसरा रेल्वे फाटकावरून. आज कॉलेजकडून आले की उद्या फाटकावरून. लांबून फाटक बंद दिसलं तर मात्र नियम बाजूला ठेवून सायकल वळवायचे. यावरून कांबळे मॅडम त्यांना छेडायच्या. काकूंना गावाला पत्र टाकून कळवते, म्हणायच्या, एक दिवसाआड कॉलेजवरून का जाता ते. अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि सायकलला कुलूप लावता लावता एकच उत्तर द्यायचे.

"चालत ऱ्हायलं तर वाट, मॅडम. सोडली की बाभळ."

मला ते तेव्हा वय झालेल्या माणसाचं खूळ वाटायचं. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाला ओलांडून गेलं आहे. हे लिहायला मी इतकी वर्षं का लावली, ते पुढे सांगतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. सांगलीत एका संस्थेत मी नोकरीला लागलो. नाव लिहीत नाही. पूर्वेकडच्या दुष्काळी गावांतल्या विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजायचं आणि त्या आकड्यांवरून कुठल्या गावाला आधी बंधारा बांधायचा ते ठरवायचं, हे संस्थेचं काम. गावातला एखादा माणूस दोर सोडून पाणी किती हातांवर आहे ते बघायचा आणि चिठ्ठीवर लिहून एसटीने धाडायचा. चिठ्ठीतला आकडा कांबळे मॅडम मशीनमध्ये भरायच्या. त्या उंब्रजच्या. बोटं जेवढी जलद, तेवढीच जीभ. मशीन अण्णांच्या ताब्यात. मी साताऱ्याहून डिप्लोमा करून आलेला त्यांचा सहायक, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव सातारकर करून टाकलं.

अण्णा आटपाडीकडचे. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. हे एकटे फौजेत गेले, सिग्नलमध्ये अठरा वर्षं काढून हवालदार म्हणून परतले आणि कुठलासा कोर्स करून कॉम्प्युटरकडे वळले. अंगाने काटक. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. खिशात पेनाऐवजी दोन वस्तू: एक छोटी बॅटरी आणि घोंगडं शिवायचं दाभण. दाभण कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बारकं काम सुईनं व्हत न्हाई, मोठं काम पहारीनं. मधल्या कामाला काय न्यायचं?"

आमचं मशीन गोदरेजच्या कपाटाएवढं. शेजारी दुसरं कपाट, त्यात आठ डिस्क. सगळ्या विहिरी त्या आठ डिस्कवर. मशीनपासून त्या कपाटापर्यंत दोन जाड केबली गेल्या होत्या. माहिती कुठल्याही केबलीवरून जाऊ शकायची. मशीन बसवणाऱ्या कंपनीने एकीला 'मुख्य' आणि दुसरीला 'राखीव' अशी चिकटपट्टी लावून ठेवली होती. एक तुटली तर दुसरी आपोआप चालू होणार होती, तोवर तिने स्वस्थ बसायचं.

अण्णांनी रुजू झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर त्या दोन चिकटपट्ट्या सोलून काढल्या. आपल्या घोंगड्याच्या काठाची लोकर उसवली आणि एका केबलीला काळा धागा बांधला, दुसरीला पांढरा. चार डिस्क काळीवर टाकल्या, चार पांढरीवर. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, मॅडम डबा खात असताना, काळीवरच्या पांढरीवर आणि पांढरीवरच्या काळीवर. मग रजिस्टरमध्ये ओळ लिहायची: वाटा बदलल्या, दोन्ही ठीक. खाली सही.

एकदा साहेब, म्हणजे आमचे संचालक, मशीनच्या खोलीत आले. राखीव केबल रोज का झिजवता, असं त्यांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता. अण्णा सावधानमध्ये उभे राहिले. डोंगरातल्या एका चौकीची गोष्ट त्यांनी सांगितली. तिथं दोन टेलिफोन तारा टाकलेल्या, दुसरी राखीव. सहा महिने तिला कोणी हात लावला नाही. बर्फात पहिली तुटली तेव्हा कळलं, दुसरी उंदरांनी कधीच खाल्ली होती. "साहेब, राखीव म्हंजी फकस्त कागदावर हाय. खरंच हाय का न्हाई, ते चालल्याबिगर कुणाला ठावं?" साहेब हसले आणि गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मला वाटायचं, चार-चार वाटून दिल्या की झालं. पण आठवड्याच्या मध्येच अण्णा पडद्याशी बसायचे, कुठल्या तारेवर किती कामं खोळंबली आहेत ते बघायचे आणि एखादी डिस्क इकडची तिकडे करायचे. कधी पाच-तीन, कधी सहा-दोनसुद्धा. हे समान कसं, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून मेंढरांना पाणी कसं पाजतात ते सांगितलं. विहिरीशी दोन दगडी डोणी असतात. नवखा मेंढका एक मेंढरू इकडे, एक तिकडे असं मोजून सोडतो.

"मोजणी बरूबर येती रं, पन मेंढरं तानंली ऱ्हात्यात," अण्णा म्हणाले. "एका डोणीत म्हातारी मेंढी मुंडी घालून बसली की तिच्यामागं धा जनी थांबत्यात. दुसरी डोण मोकळी. मोजायचं न्हाई गड्या. रांग बघायची."

नंतर पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या एका प्रशिक्षणात हीच गोष्ट मला इंग्रजीत, रंगीत चित्रांसह शिकवली गेली. आता ती निवड यंत्र स्वतःच करतं, क्षणाक्षणाला. शिकवणारा मुलगा हुशार होता. त्याने विचारलं, आधी कोणी हे हाताने केलंय का? मी हात वर केला नाही.

अण्णांचा माझ्यावर जीव होता, हे मला तेव्हाही कळत होतं. गावाहून येताना बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोघांपुरती आणायचे. माझ्या लग्नाची बोलणी शिरवळच्या एका घरात चालली होती. मुलीच्या वडिलांनी, नोकरी पक्की झाली की बघू, असं कळवलं होतं. मला ऑफिसच्या पत्राची वाट होती. अण्णा रोज विचारायचे, आलं का रं? पत्र त्या महिन्याअखेर येणार, असं सगळेच म्हणत होते.

त्याच महिन्यात अण्णा बिरोबाच्या जत्रेला चार दिवस गावी गेले. जाताना सांगून गेले होते, नवा एसी बसवायला माणसं येतील, पण मी येईस्तोवर कपाट हलवू नका. माणसं एक दिवस आधीच आली. कपाट हातभर पुढे घेतल्याशिवाय त्यांना नळी टाकता येईना. उद्या या, असं मला म्हणता आलं असतं. साहेब दारात उभे होते. मला वाटलं, अण्णांवाचूनही चालतं हे दाखवायची हीच वेळ. मी पांढऱ्या धाग्याची केबल काढली, कपाट ओढलं, एसीचं काम झालं, कपाट परत लावलं. केबल परत बसवताना ती बसेना. तिच्या तोंडात केसाएवढ्या पिना असतात, अडुसष्ट. जोर लावायचा नाही, डोळ्यांनी रांग जुळवायची, हे अण्णांनी मला किमान वीस वेळा सांगितलं होतं. मी जोर लावला.

एक पिन वाकली. पांढरी तार काही केल्या जागी होईना.

मी आठही डिस्क काळीवर टाकल्या. मशीन चालू झालं. साहेब शाबास म्हणून गेले. मग मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: कपाट हलवले, वाटा तपासल्या, दोन्ही ठीक.

अण्णा सोमवारी आले. भंडाऱ्याने कपाळ पिवळं होतं. मला प्रसादाचं खोबरं दिलं. काय विशेष, म्हणून विचारलं. मी काही नाही म्हणालो. त्यांनी रजिस्टर वाचलं आणि खाली सही केली. कपाटामागे गेलेसुद्धा नाहीत. मी तिथेच उभा होतो. ते आता बॅटरी काढतील, मागे जाऊन बघतील, असं वाटत होतं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "तुज्या अक्षरात 'ठीक' हाय म्हंजी ठीक."

आणि तेव्हापासून बुधवारचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं. आता तू शिकलास, म्हणाले. तीन बुधवार मी जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या खोलीत जाऊन बसलो. काही न करता अर्धा तास बसायचो. बाहेर येऊन ओळ लिहायचो. अण्णा सही करायचे. कांबळे मॅडमची कुरकूर सुरू झाली होती, दुपारी पडदा हलत नाही, आकडा टाकला की चहा पिऊन यावं. आठ डिस्कचा भार एका तारेवर, दुसरं काय होणार. अण्णांनी मला हाक मारून विचारलं, पांढरीवर चार हायेत न्हवं? मी हो म्हणालो. एवढा एक शब्द. बाकी सगळं भीतीपोटी घडलं असं मी स्वतःला समजावू शकतो. हे 'हो' मला कशातच बसवता येत नाही. अण्णा मॅडमना म्हणाले, सातारकरानं बघितलंय, मशीनलाच उन्हाळा लागला असंल.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, काळ्या तारेचं मशीनमधलं कार्ड जळालं. मशीन पांढरीकडे वळायला गेलं. तिथं वाट नव्हती. कांबळे मॅडम एका विहिरीचा आकडा भरत होत्या, तो अर्ध्यावर थांबला. आठही डिस्क लिहिता लिहिता तुटल्या.

कंपनीचा माणूस कार्ड घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. फायलींचा चोथा झाला होता. नक्कल उतरवलेली जी टेप शाबूत होती ती दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे नेमके उन्हाळ्याचे दोन महिने गेले, ज्यांवर बंधाऱ्यांची यादी ठरायची. यादीची बैठक मंगळवारी. चिठ्ठ्या गठ्ठ्यांनी बांधलेल्या होत्या, म्हणून आशा होती. तीन दिवसांत सगळ्या पुन्हा भरायच्या. आम्ही तिघं बसलो. शनिवार, रविवार, सोमवार, उजेड आहे तोवर. चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने लावलेल्या. अण्णांच्या गावाची एसटी आडवाटेची, त्यांच्या चिठ्ठ्या नेहमी शेवटी यायच्या. त्या अगदी तळच्या गठ्ठ्यात होत्या.

रविवारी दुपारीच मॅडमच्या लक्षात आलं की सगळं पुरं होणार नाही. त्यांनी तळचा गठ्ठा उचलून अण्णांपुढे ठेवला. "अण्णा, आधी तुमचं गाव घ्या. कुणी बघत नाही."

अण्णांनी गठ्ठा परत तळाशी ठेवला. "मॅडम, रांगंत मधीच घुसलेलं मेंढरू मी काठीनं भाईर काढतो. मीच घुसू व्हय?"

मी समोर बसलो होतो. माझ्या तोंडात शब्द होता. सांगितला असता तरी गेलेले आकडे परत आले नसते, पण निदान त्या माणसाने आपल्या गावाचा गठ्ठा खाली ठेवताना, तो कोणामुळे ठेवावा लागतोय हे त्याला माझ्या तोंडून कळलं असतं. मी पुढची चिठ्ठी उचलली.

सात गावं राहिली. बैठकीत, ज्यांचे आकडे नाहीत त्यांचा विचार पुढच्या वर्षी, असं ठरलं. सातांमध्ये अण्णांचं गाव होतं.

साहेबांनी चौकशीला रजिस्टर मागवलं. आम्हा दोघांना समोर उभं केलं. दुसरी केबल तपासली होती की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. ओळ माझ्या अक्षरातली. अण्णा पुन्हा सावधानमध्ये. "सही माजी हाय, साहेब." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. चौकशी तिथेच संपली. अण्णांची बदली साताऱ्याच्या गोदामात झाली, जुन्या कागदांवर. मला पक्कं केल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं.

एक गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. नवं कार्ड बसलं त्या दुपारी मी चहा घेऊन मशीनच्या खोलीत गेलो, तर अण्णा कपाटामागे उकिडवे बसलेले. दातांत बॅटरी, एका हातात पांढऱ्या धाग्याची केबल, दुसऱ्या हातात दाभण. पाठमोरे होते. मी दारातून मागे सरकलो. थोड्या वेळाने ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, चल, भाईर जाऊन चा घिऊ. चहाच्या गाडीवर ते पावसाविषयी बोलले. म्हणजे साहेबांपुढे 'सही माझी' म्हणाले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

साताऱ्याला ते तीन महिने टिकले. मी माझ्या घरी रविवारी जायचो, गोदाम घरापासून वीस मिनिटांवर. एकदाही गेलो नाही. मग कळलं की राजीनामा देऊन गावी गेले. लग्नाची पत्रिका मी त्यांना पोस्टाने पाठवली, पत्ता मुद्दाम अर्धवट लिहून.

ते मला शेवटचे भेटले उंब्रजजवळ. त्या सगळ्याला तोवर दोन वर्षं झाली असतील. मी साताऱ्याहून सांगलीला चाललो होतो आणि हायवेवर एसटी थांबली. पुढे मेंढरांचा कळप. ड्रायव्हरने शिव्या दिल्या. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता, डोक्याला फेटा, अंगात मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. काठीने तो अर्धा कळप रस्त्यावरून जाऊ देत होता आणि उरलेला अर्धा खाली ओढ्याच्या पुलाखालून वळवत होता. वरची रांग वाढली की काठी खाली, खालची तुंबली की काठी वर. मोजत नव्हता.

मी उतरलो. त्यांनी लगेच ओळखलं. पोरंबाळं काय म्हणतात, मॅडम कशा आहेत, सगळं विचारलं. नजर कळपावरच. मी विचारलं, तुम्ही इकडे कसे? ते सहज सांगितल्यासारखं म्हणाले, की त्या साली विहिरी माघातच आटल्या. थोरल्या भावाने मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला यायचं ठरवलं, त्याला एकट्याला झेपेना, म्हणून हे आले. बंधारा आता झालाय, म्हणाले. पाणी धरलंय औंदा. भाऊ मात्र त्याच वाटेवर तापाने गेला. हेही त्याच आवाजात सांगितलं.

मी म्हणालो, "अण्णा, ती केबल..."

त्यांनी काठी वर केली. वरची रांग थांबली.

"ठावं हाय रं. येक पिन वाकडी हुती." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "सांगायचं हुतंस गड्या. सरळ कराया दोन मिन्टं लागली मला."

मागून ड्रायव्हरने हॉर्न धरला. कंडक्टर हाका मारत होता. अण्णांनी मला खांद्याला धरून गाडीकडे वळवलं, जसं एखादं मेंढरू वळवावं, आणि म्हणाले, "जा. तुजी गाडी थांबलीया."

मी गेलो. तेव्हाही गेलोच. पुढे त्यांच्या गावच्या एका चिठ्ठीवर, पाण्याच्या आकड्याखाली, कोणीतरी लिहून पाठवलं होतं की बंडगरअण्णा वारले. मॅडमनी ती चिठ्ठी मला वाचायला दिली आणि आकडा भरून टाकला. ते रजिस्टर अजून संस्थेच्या कपाटात असेल. त्यातली ती ओळ माझी आहे. सही बंडगरांची असली तरी चूक त्यांची नव्हती. हे सांगायला मी कुणीतरी विचारावं म्हणून थांबलो होतो. कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी उंब्रजजवळ एसटी हलली तेव्हा मी मागच्या काचेशी जाऊन उभा राहिलो. कळप पार होत आला होता. वरची रांग आणि पुलाखालची रांग पलीकडच्या शेतात पुन्हा एक होत होत्या. मधोमध अण्णा. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मग शेवटचं मेंढरू गेलं आणि दोन्ही वाटा रिकाम्या झाल्या. ते क्षणभर दोन्हींकडे बघत उभे राहिले. मग काठी खांद्यावर टाकून ओढ्यात उतरले, पुलाखालच्या वाटेने, आणि दिसेनासे झाले.